डाव्या पानावरचा बुक्का

बुक्क्याची ताटली भाऊ पेडणेकरांपर्यंत आली आणि त्याच वेळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन थरथरला.

पूर्वरंग नुकताच संपला होता. बुवांच्या गळ्यात हार पडला होता, पेटीवाला घोटभर पाणी पीत होता आणि सुंदराबाई ताटली घेऊन रांगेतल्या एकेका कपाळाला बोट लावत पुढे सरकत होत्या. भाऊंच्या कपाळावर त्यांनी जरा सढळ हातानेच बोट टेकवलं. वर कागदाची एक पुडीही हातात दिली, घरच्यांसाठी. सप्ताहाचा शेवटचा दिवस, म्हणून कीर्तन सकाळचं होतं. आख्यान अजून व्हायचं होतं.

फोनवर भाऊंची मुलगी जान्हवी होती. डॉक्टर संध्याकाळऐवजी अकरा वाजताच येतायत, म्हणाली. आणि तुमचा पॉलिशचा शेवटचा हात मारायचा राहिलाय ना?

कीर्तनातून मधे उठू नये, ही भाऊंच्या आईची शिकवण. उठावंच लागलं तर जागेवर काहीतरी ठेवून उठावं, म्हणजे आपल्या बदली ते ऐकतं. भाऊंनी खांद्यावरचा पंचा घडी करून आपल्या जागेवर ठेवला, बुवांना लांबूनच हात जोडले आणि चपला शोधायला बाहेर पडले.

देवळापासून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटपर्यंत दहा मिनिटांची चाल. माघ असूनही ऊन लागत होतं. भाऊ घामेजून गाळ्यावर पोचले, तेव्हा पुढच्या भागात जान्हवी तोंडाला मास्क लावून कुणाच्या तरी स्वयंपाकघराची पांढरी दारं फवाऱ्याने रंगवत होती. गाळ्याचा हा भाग तिचा. प्लायवूडच्या आडोशामागचा, खिडकीजवळचा हातभर कोपरा भाऊंचा. तिथे वर्षानुवर्षं बाजाच्या पेट्यांची खोकी, देव्हारे, सतारीचे भोपळे पॉलिशला आले आणि झळाळून गेले. आता कुणी येत नव्हतं. भाऊंचा उजवा खांदाही वर जायचा बंद झाला होता. हे एवढं काम झालं की कोपऱ्यातही फवाऱ्याचं यंत्र बसवायचं, असं त्यांनीच जान्हवीला सांगून टाकलं होतं.

एवढं काम म्हणजे खिडकीखालच्या फळीवर सुती कापडाने झाकून ठेवलेली, पसरलेल्या दोन हातांएवढी लाकडी पट्टी.

ती एका जुन्या विलायती गाडीच्या डॅशबोर्डची होती. दोन माणसांची, बिनटपाची, बसल्यावर बूड जवळजवळ रस्त्याला टेकेल अशी ती गाडी. डॉक्टर सुशांत धैर्यवान अंधेरीत दातांचा दवाखाना चालवायचे आणि उरलेल्या वेळात अकरा वर्षं ही गाडी उभी करत होते. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. सगळं लागलं होतं, फक्त ही पट्टी राहिली होती. आणली तेव्हा तिच्यावरचं वार्निश ऊन खाऊन सुसरीच्या पाठीसारखं फुटलं होतं. डॉक्टरांनी ती फळीवर ठेवली, खिशातून दात बघायचा छोटा गोल आरसा काढला आणि कडेकडेने फिरवून आतली बाजू बघितली. ते गेल्यावर जान्हवी म्हणाली होती, "आता 'आ करा' म्हणतोय की काय लाकडाला."

पण भाऊंना तो माणूस आवडला होता. कारण त्याने दाखवलं ते तोवर भाऊंच्याही लक्षात आलं नव्हतं. अक्रोडाच्या मुळाशी आलेली एक गाठ, तिची कागदासारखी पातळ दोन पानं काढून, पुस्तक उघडावं तशी शेजारी शेजारी चिकटवली होती. मधे बारीक सांधा. डावीकडे जी रेघ, तीच उजवीकडे उलटी. डावीकडे जो ठिपका, तोच उजवीकडे.

"दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, भाऊ," डॉक्टर म्हणाले होते. "परीक्षक बॅटरी मारून बघतात. एका बाजूला काही झालं की सगळं फुकट."

दीड महिना भाऊंनी त्या पट्टीवर काढला. काचेच्या तुकड्याने जुनं वार्निश खरवडलं, तेही श्वास धरून, कारण खालचं लाकूड दुधावरच्या सायीएवढं होतं. एका ठिकाणी तर बोट फिरवल्यावर खालचा सरस जाणवायचा. मग लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीने, एकावर एक हात. पुरचुंडी इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरत राहिली पाहिजे. मधे थांबली की चिकटली, आणि चिकटली की केलेलं सगळं उचलून आणते. खांदा दुखायला लागला की भाऊ मनात टाळ धरायचे. तो धरला की हाताला चाल मिळायची.

आता शेवटचा हात. यात लाख नसतेच जवळजवळ, नुसतं स्पिरिट. आधीच्या हातांसाठी लावलेलं अळशीचं तेल वर धुक्यासारखं साचलेलं असतं, ते उचलायचं. भाऊंनी हात धुतले, कापड काढलं, पुरचुंडी पिळून तळहातावर टिपून पाहिली आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली.

धुकं हटत गेलं.

भाऊंनी आयुष्यात पुष्कळ लाकूड उघडताना पाहिलं होतं. सागवान उघडतं ते साधं, मोकळ्या मनाच्या माणसासारखं. शिसम अंगात बरंच ठेवून उघडतं. हे तसलं काहीच नव्हतं. पुरचुंडी जिथून जात होती तिथे लाकूड वर येत नव्हतं, खोल जात होतं. मधाच्या रंगाखाली तांबूस, त्याखाली काळसर, आणि त्या सगळ्यात बारीक बारीक गोल डोळे, शेकड्याने. उजव्या पानापर्यंत हात गेला तेव्हा खिडकीतला उजेड फळीवर आला आणि ते डोळे नाहीत, डोकी आहेत, असं भाऊंना दिसलं. माणसांची डोकी. दोन्ही बाजूंना रांगांनी खाली बसलेली, मधे सांध्याची वाट मोकळी सोडून. कुणीतरी त्या वाटेवर उभं राहणार आहे आणि सगळी तिकडे तोंड करून थांबली आहेत.

त्यांचा हात शेवटच्या कडेवरून अलगद बाहेर पडला. पुरचुंडी त्यांनी डबीत ठेवली.

झाडाला गाठ येते ती दुखण्याने. कुठेतरी घाव बसतो, कीड लागते, आणि झाड त्या जागेभोवती वर्षानुवर्षं स्वतःला गुंडाळत राहतं. हे भाऊंना ठाऊक होतं, बापाने शिकवलं होतं. गिरणी बंद पडल्यावर बाप पॉलिशकामात शिरला होता. पण आज त्यांना एक वेगळीच गोष्ट सुचली. हे सगळं त्या झाडाने मातीखाली, अंधारात केलं होतं. त्याला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं. परक्या मुलुखात, कुणी बघणार नाही अशा जागी, एक न एक डोकं गोल करून बसवलं होतं. कुणासाठी?

भाऊंचे हात जोडले गेले. मान खाली गेली. कपाळाला गारवा लागला.

आणि मग त्यांना कळलं की पॉलिश ओलं आहे.

त्यांनी डोकं उचललं तेव्हा चटकन सुटल्याचा अगदी बारीक आवाज आला. डाव्या पानावर, सांध्यापासून वीतभर अंतरावर, रुपयापेक्षा लहान असा काळा ठसा उमटला होता. घामाने भिजलेला बुक्का लाखेत बसला होता. भाऊ बघत राहिले. बघता बघता स्पिरिट उडत होतं आणि ठसा आत घट्ट होत होता.

जान्हवी चहा घेऊन आत आली. तिने पट्टीकडे पाहिलं नाही, बापाच्या कपाळाकडे पाहिलं.

"बाबा, अर्धा बुक्का कुठे गेला?"

भाऊंनी बोट दाखवलं.

ती खाली वाकली. चहाचा पेला खिडकीत ठेवला, मास्क गळ्यावरून काढला. मग हळूच विचारलं की स्पिरिटने उचलता येईल का. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. लाख विरघळेल, पण बुक्का विरघळणारा नव्हे. तो पसरेल, लाकडाच्या रेषांत शिरेल, आत्ता ठिपका आहे त्याची काजळी होईल. घासून काढायला खाली लाकूड शिल्लक नाही.

"डोकं टेकवायची काय गरज होती?" ती म्हणाली. "देव आहे का तो?"

"माका काय ठाऊक," भाऊ म्हणाले.

जान्हवी पुढच्या भागात गेली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आली. तिच्यात रंगांच्या छोट्या बाटल्या होत्या आणि केसाएवढे ब्रश. दारांवरचे ओरखडे ती याच पेटीतून नाहीसे करायची. तिचा हात भाऊंपेक्षा बारीक चालायचा, हे भाऊंनी कुणाजवळ कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण मान्य केलं होतं. तिने समजावलं. या ठशाभोवती दोन तांबूस रेघा काढते, लाकडातला डोळा वाटेल. उजवीकडे त्याच जागी तसलाच दुसरा काढते. वरून तुम्ही पुरचुंडी फिरवा. वीस मिनिटं. परीक्षक काय, त्या दातवाल्याच्या आरशालाही कळणार नाही.

भाऊ स्टुलावर बसले होते. खिडकीतून, वारा इकडचा असल्यामुळे, देवळाच्या कर्ण्यावरून पेटीचा सूर तुटक तुटक येत होता. आख्यान लागलं होतं. कुणाचं, ते कळत नव्हतं.

या कामाबद्दल त्यांनी खूप काही मनात धरलं होतं. शेवटचं काम असं व्हावं की हात धुऊन उठता यावं. रविवारी लोक ती गाडी बघतील, कुणीतरी विचारील की हे कुणी केलं, डॉक्टर नाव सांगतील. त्यांना एवढंच हवं होतं.

"काढ," ते म्हणाले.

जान्हवीने बाटली उघडली. ब्रश बुडवून नखावर टिपून रंग पाहिला, थोडा काळा मिसळला, परत पाहिला. मग डावा हात मनगटाला टेकू देत ती वाकली. ब्रशचं टोक लाकडावर येणार तेवढ्यात मधे भाऊंचा तळहात आला. रंगाचा थेंब त्यांच्या हातावर पडला.

"एक लपवूक दोन खोटे," ते म्हणाले. "नको गो."

"मग सांगणार काय त्याला?"

"झाला ताच."

जान्हवीने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसत राहिली, स्वच्छ झाल्यावरही.

डॉक्टर धैर्यवान अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. उंच, किंचित वाकलेला माणूस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आल्या आल्या त्यांनी खिशातून बॅटरी काढली. भाऊ स्टुलावरून उठले आणि पट्टीच्या पुढ्यात उभे राहिले.

"डॉक्टर, आधी ऐका. मग बघा."

आणि त्यांनी सांगितलं. सप्ताह, पूर्वरंग, फोन, बुक्का. शेवटचा हात. मान कशी खाली गेली ते सांगताना मात्र त्यांना शब्द सापडेना. चूक माझी, म्हणाले. मुलगी झाकायला तयार होती, मी नको म्हटलं, तेव्हा तेही माझ्याच अंगावर. मग ते बाजूला झाले.

डॉक्टरांनी उजव्या बाजूपासून सुरुवात केली. बॅटरी तिरकी धरून, बोटभर बोटभर. सांध्याशी थांबले. सांधा ओलांडला. ठशावर उजेड आला आणि तिथेच राहिला. त्यांनी आरसा काढला नाही.

जान्हवीला गप्प बसवेना. ती म्हणाली की अजूनही होईल, सर, दोन्हीकडे एकेक डोळा काढून देते, कळणार नाही. डॉक्टरांनी ऐकलं की नाही ते समजलं नाही. त्यांनी बॅटरी बंद केली आणि सरळ उभे राहिले. मग खिडकीच्या उजेडात, बॅटरीशिवाय, एक पाऊल मागे जाऊन त्यांनी ती पट्टी पहिल्यांदाच अख्खी बघितली.

कर्ण्यावर झांजा वाजल्या आणि थांबल्या.

"ही माझीच का?" डॉक्टर म्हणाले.

हा प्रश्न भाऊंना नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही कपाळ का टेकलंत?"

"टेकलं नाही, डॉक्टर. टेकलं गेलं."

डॉक्टरांनी मान हलवली, एखादा रोगी कुठे दुखतं ते नेमकं सांगतो तेव्हा हलवावी तशी. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी या गाडीत फक्त काय चुकलंय तेवढंच बघतोय. रोज. पोटापाण्याचा धंदाच तो." बोलता बोलता त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला.

त्यांनी दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली. हातभर दोरा ओढून तोडला. त्याचं एक टोक सांध्यावर धरलं, दुसरं ओढून ठशाच्या मधोमध आणलं आणि तिथे नखाने खूण केली. जान्हवी आणि भाऊ बघत होते. मग सांध्यावरचं टोक न हलवता दोरा उजवीकडे फिरवला, ताणला आणि खुणेची जागा लाकडावर पाहिली. तिथे काही नव्हतं. एक मोकळी, मधाच्या रंगाची जागा, आणि भोवताली डोकी.

तेच त्यांनी वरच्या कडेपासून खाली मोजून पाहिलं. तीच जागा आली.

"जुळत नाही," डॉक्टर म्हणाले.

भाऊंनी खाली पाहिलं. "नाही जुळत."

"रविवारी गुण कापतील."

"कापतील, डॉक्टर."

"ते कापू देत." डॉक्टरांचं बोट अजून उजव्या पानावरच्या त्या मोकळ्या जागेवर, लाकडाला न लागता, अधांतरी होतं. "मला विचारायचंय ते वेगळंच. ही बाजू परत ओली करायची तर किती वेळ लागेल?"

भाऊंना आधी कळलं नाही. ते म्हणाले की एक हात, दोन मिनिटं. पण कशाला?

"आणि तो बुक्का," डॉक्टर म्हणाले, "आहे का तुमच्याकडे अजून?"

जान्हवीने बापाकडे पाहिलं. आपली थट्टा चाललीय का, ते भाऊ डॉक्टरांच्या तोंडावर शोधत होते. थट्टा दिसली नाही. दिसला तो नुसता संकोच, देवळात पहिल्यांदा आलेल्या आणि चपला कुठे काढायच्या ते न समजलेल्या माणसाचा.

भाऊंनी डबी उघडली. पुरचुंडी स्पिरिटने ओली करून पिळली आणि उजव्या पानावरून फिरवली, आठाच्या आकड्यात, कुठेही न थांबता. या वेळी खांदा दुखल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी खिशातली कागदाची पुडी काढली, उलगडली आणि तर्जनी बुक्क्यात बुडवली. वास खिडकीपर्यंत गेला.

डॉक्टर उंच होते. भाऊंचा हात तिथवर जाईना, तेव्हा तेच वाकले. सुंदराबाईंनी लावला होता तसा, सढळ हाताने, भाऊंनी त्यांच्या कपाळावर बुक्का लावला.

पट्टी लखलखत होती. स्पिरिट उडायला फार वेळ लागत नाही, हे भाऊ सांगणार होते, पण सांगावं लागलं नाही.

डॉक्टर धैर्यवानांनी चष्मा काढला, न बघताच तो जान्हवीच्या हातात दिला आणि ते उजव्या पानाकडे वाकले.